पुरळ अंगावर, कारण बांधावर

श्रोतेहो, नमस्कार.

"खाण्यात नवीन काही नाही, साबण तोच, मग अंगावर पुरळ कशानं?" हा प्रश्न घेऊन एखादा शेतकरी येतो, तेव्हा मी आधी त्याचा चेहरा बघतो. पापण्या सुजलेल्या, मानेची कातडी काळवंडून जाड झालेली, कोपराच्या आतल्या बाजूला खाज, आणि सदऱ्याखालची पाठ मात्र स्वच्छ. जिथं कापड नाही तिथंच पुरळ असेल, तर हवेतून काहीतरी येऊन बसतंय अशी शंका घ्यायची. मग मी विचारतो, बांधावर गाजरगवत आहे का?

काँग्रेस गवत, चटकचांदणी ही त्याचीच नावं. बारीक पांढऱ्या फुलांचं हे परदेशी तण 1950च्या दशकात पुण्यात आढळलं आणि पुढं देशभर पसरलं. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य ॲलर्जी आणतं. वर्षानुवर्षं गवत उपटूनही काही होत नाही, आणि मग कधीतरी त्रास सुरू होतो. म्हणून तर माणसाला ते पटत नाही. वाळलेल्या गवताचा भुगा उडतो, तोही बाधतो. ज्याला ॲलर्जी आहे त्यानं ते काढायला जाऊच नये. इतरांनी फुलं येण्याआधी, हातमोजे आणि अंगभर कपडे घालून काढावं. खात्रीसाठी पॅच टेस्ट असते. त्यात संशयित पदार्थ पाठीवर चिकटवतात आणि दोन दिवसांनी काढून बघतात.

घरात सगळ्यांनाच रात्री खाज सुटते, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे? मग बहुधा खरूज. औषध अख्ख्या घरानं एकाच वेळी लावायचं. गांधी उठून काही तासांत जिरतात, त्याला आपण पित्त उठलं म्हणतो, पण पोटातल्या पित्ताशी त्याचा संबंध नाही. नवीन औषध सुरू केल्यावर पुरळ आलं आणि तोंडात फोड आले, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर मात्र त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

मला खरी काळजी वाटते ती दुकानातून विचारून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाची. गजकर्णावर ते लावलं की खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याच्या कडा पुसट होतात आणि आजार डॉक्टरलाही पटकन ओळखता येत नाही. म्हणून तपासायला येताना ती ट्यूब सोबत आणा, रिकामी झाली असली तरी.