निपाणीतील एका हॉटेलाची खतावणी

मित्रहो, आज ज्या हॉटेलाविषयी बोलणार आहे त्याचे नाव घरच्या मंडळींच्या इच्छेनुसार घेणार नाही. निपाणीच्या बाजारात ज्यांचा चहा झाला आहे, त्यांना ते ओळखायला फारसा वेळ लागू नये.

घरात सांगितला जाणारा इतिहास असा, की पणजोबा फोंडा घाट चढून कोकणातून आले, दोन बाकडी टाकली आणि कष्टाने मोठे झाले. कष्ट खरेच. पण त्या बाजारात कष्ट करणारे पुष्कळ होते आणि त्यांतल्या कित्येकांची हॉटेले बसली. हे तगले ते तंबाखूवर, असे माझे मत आहे.

विडीच्या तंबाखूची ही मोठी पेठ. गाडी भरून माल आणलेला शेतकरी वखारीच्या दाराशी ताटकळत बसे, भाव व्यापाऱ्याच्या मर्जीने ठरे आणि पैसे हाती पडायला महिने लागत. तोवर त्याचा चहा, त्याची मिसळ उधारीवर. लाल कापडात बांधलेल्या जुन्या चोपड्यांत, म्हणजे खतावणीत, माणसाच्या नावापुढे गाव आहे, कोगनोळी, बेनाडी, अक्कोळ, आणि त्यापुढे वखारीचे नाव; कारण शेतकऱ्याचा हिशेब जिथे होई तिथेच वसुलीला माणूस पाठवावा लागे. म्हणजे तंबाखूचा भाव पडला की गल्ला आटे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. पुढे पाटीवर कन्नड आले. खतावणी मात्र मराठीतच राहिली.

त्या खतावणीत जे नाही, तेही सांगितले पाहिजे. पहाटे मसाला वाटणाऱ्या पणजीच्या नावे एक पैसाही मांडलेला नाही. दाराबाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपांचीही नोंद नाही, आणि हे त्या गावात, जिथे 1925 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची प्रांतिक परिषद भरली होती. हॉटेलात असा भेद करणे 1955 च्या कायद्याने गुन्हा ठरले. ते कप नेमके कधी आत आले, या प्रश्नावर घरातले थोरले विषय बदलतात.

1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि 6 एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला. रस्त्यावर बसलेले आणि वखारीत बसलेले, दोघेही याच हॉटेलाचे गिऱ्हाईक. मालकाने अर्धे शटर उघडे ठेवले होते म्हणतात. ती धूर्तता होती की माणुसकी, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दोन्ही दिसतात.

पुढे वाटण्या झाल्या. बाजारातली जागा थोरल्याकडे राहिली, धाकट्याने चौपदरी महामार्गालगत नवे हॉटेल काढले. तिथला गिऱ्हाईक कोल्हापूरहून येतो, बेळगावकडे जातो आणि पुन्हा दिसेलच असे नाही. त्यामुळे धाकट्याने पहिल्या दिवसापासून रोखीचा व्यवहार ठेवला, आणि वर्षभरात थोरल्यानेही उधारी बंद केली.