डी, के, आय, डब्ल्यू, एल म्हणजे कापूस

श्रोतेहो, नमस्कार.

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी सार्वजनिक वाचनालय सांभाळतो. दोन खोल्या, सहा कपाटं, आणि बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसलेली म्हातारी मंडळी. आज बोलायचं आहे ते अशा वाचकांबद्दल, ज्यांच्या हातात कपाटातलं पुस्तक दिलं तरी ते त्यांच्या कामाचं नाही. कुणाला दिसत नाही, कुणाला फार कमी दिसतं, कुणाच्या हातांना पान उलटता येत नाही. या वाचकांचं पुस्तक आता फोनमध्ये येतं आणि फोन ते वाचून दाखवतो. पण फोन कधी वाचतो आणि कधी वाचत नाही, हे आमच्या गावात एका संध्याकाळी कळलं. ती संध्याकाळ आधी सांगतो.

आमच्या आळीत एक मुलगी आहे. तेव्हा दहावीला होती. जन्मापासून तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. फोन मात्र ती सराईतपणे वापरते. तिच्या फोनमध्ये टॉकबॅक सुरू असतं. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन बोलतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. ज्या मुलीला मैत्रिणीने धडा वाचून दाखवायची वाट पाहावी लागायची, ती रात्री पांघरुणात फोन कानाशी धरून एकटीच अभ्यास करू लागली होती.

दिवाळी नुकतीच झाली होती. वेचणी जोरात चालू होती. तिच्या घरी पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस रचलेला. तिचा धाकटा भाऊ पळत आला, "काका, ताईचा फोन बिगडला, चाला." गेलो. ती दारात बसली होती. क्लासच्या नोट्सची पीडीएफ आली होती, ती तिने लावली, आणि फोन बोलू लागला: डी, के, आय, डब्ल्यू, एल.

तिची आजी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "काय बोलून रायलं वं हे? कोन्या देशाची भाषा होय?"

मी फोन हातात घेतला. पडद्यावर स्वच्छ मराठी अक्षरं. पहिलाच शब्द होता कापूस. मी मोठ्याने वाचून दाखवलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "काका, जे तुमाले दिसते ते मले काहून आयकू येत नाई?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. फोन बंद करून चालू केला. पुन्हा तेच, डी, के, आय, डब्ल्यू, एल.

दिवाळीला माहेरी आलेली तिची आत्या बाजूला सुपात तूर निवडत बसली होती. तिचे हात थांबले. माझं लक्ष गेलं तेव्हा तिची बोटं सुपाच्या काठावर हलत होती, एकेक बोट ठरल्या जागी टेकत होतं. लग्नाआधी तिने मराठी टायपिंगची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास केली होती. नोकरी काही लागली नाही. "पुन्हा लाव वं ते," ती म्हणाली. फोन बोलला आणि तिची बोटं सुपावर उमटत गेली. "डी म्हंजे क. के म्हंजे काना. आय म्हंजे प. डब्ल्यू, दीर्घ उकार. एल, स. अवं, हे तं कापूस होय!"

श्रोतेहो, तो क्षण मी विसरलेलो नाही. टायपिंगच्या यंत्रावर ज्या बटणाने क उमटायचा, त्याच बटणावर इंग्रजीचा डी असतो. बरेच जुने मराठी फाँट याच पद्धतीवर बेतलेले. त्यांत टाइप केलं की डोळ्यांना क दिसतो, पण फाइलच्या आत डीच राहतो. आपण वरचा रंग बघतो. फोन आतलं वाचतो. म्हणून आपल्याला कापूस दिसतो आणि फोनला डी, के, आय, डब्ल्यू, एल.

त्या रात्री फोन एकेक अक्षर सांगत गेला, आत्या त्याचं मराठी करत गेली आणि मुलगी ऐकत राहिली. मध्येच लाइन गेली, चिमणी लावली, तरी कुणी उठलं नाही. मोठा एच आला की वेगळं अक्षर, लहान एच आला की वेगळं, आणि फोन दोन्हींना एचच म्हणतो, तिथे अंदाजाने पुढे जावं लागायचं. दोन परिच्छेद झाले तेव्हा नऊ वाजले होते. आजीने भाकरी दोनदा गरम केली.

सोमवारी मी तालुक्याला गेलो, जिथे त्या नोट्स टाइप झाल्या त्या दुकानात. टाइप करणारा मुलगा चांगला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, हे आजवर कोणी सांगितलंच नाही." त्याच संगणकावर युनिकोड होतं. युनिकोड या पद्धतीत क हा आतूनही क असतो. त्याने जुन्या फाँटची फाइल युनिकोडमध्ये बदलून दिली. काही जोडाक्षरं तुटली होती, ती आम्ही दोघांनी बसून नीट केली. अर्धा तास लागला असेल.

संध्याकाळी मुलीने फोन लावला. "कापूस," फोन म्हणाला. सगळ्या घराने श्वास रोखला होता. ती मात्र लगेच सेटिंगमध्ये गेली आणि आवाजाचा वेग वाढवला. फोन इतका भरभर बोलू लागला की आम्हाला एक शब्द कळेना. तिला सगळं कळत होतं. "हळू आयकाले मले येळ नाई, पेपर जवळ आले," ती म्हणाली.

तर पहिली गोष्ट, श्रोतेहो, मराठी टाइप करा ते युनिकोडमध्ये. पुन्हा सांगतो, युनिकोडमध्ये. शिक्षक असाल, क्लास चालवत असाल, टायपिंगचं दुकान असेल, ग्रामपंचायतीची सूचना काढत असाल, तरी हेच.

दुसरी गोष्ट, वहीच्या पानाचा फोटो म्हणजे पुस्तक नव्हे. फोटोच्या आत अक्षरं नसतात, नुसतं चित्र असतं, आणि टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, चित्रावर येऊन थबकतो. छापील पानाच्या फोटोतून अक्षरं ओळखणारी ॲप आहेत, पण हाताने लिहिलेल्या मराठीपाशी ती अडखळतात. सगळा अभ्यास व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवायची जी सवय लागली आहे ती मला मुळीच पटत नाही. ज्या मुलांना दिसतं त्यांचंही त्यात नुकसान आहे. चार ओळी उतरवून घेताना जे डोक्यात बसतं ते फोटो साठवून बसत नाही.

ऐकण्यावरून आठवलं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज. जन्म १८८१ चा. तान्हेपणीच दृष्टी गेली. लोक वाचून दाखवायचे, ते ऐकायचे, आणि त्यातून शंभरावर ग्रंथ झाले. वाचून दाखवणारं माणूस घरात असणं ही किती मोठी गोष्ट होती! श्रावणात घरोघरी पोथी लागायची, पोरं आळीपाळीने वाचायची, उच्चार चुकला तर आजी कोपऱ्यातून दुरुस्त करायची. ते गेलं याचं मला फार वाईट वाटतं. आणि फोनच्या आवाजात आपली वऱ्हाडी अजून नाही, याचंही. असो, मूळ गोष्टीकडे येतो.

पुस्तक असं बदलून द्यायला कायद्याची आडकाठी आहे का, असं एका शिक्षकांनी मला विचारलं होतं. नाही. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. दिव्यांग वाचकाला वापरता येईल अशा रूपात, नफ्यासाठी नव्हे तर त्याच्या वाचनासाठी, पुस्तक करून देता येतं. २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर जागतिक करार झाला आणि त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन वाचनालय सुरू झालं, छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी. संगणक असेल तर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. त्याची सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी केली.

आणि तिसरी गोष्ट, चित्र. चित्राखाली फक्त "आकृती तीन" लिहिलं तर फोन तेवढंच बोलणार. चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा. व्हिडिओ असेल तर ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी बोललेलं खाली अक्षरांत द्या. हे जड काम नाही.

त्या नोट्समध्ये कापसाच्या बोंडाचं चित्र होतं. फोन नुसतं "इमेज" म्हणायचा. आत्या म्हणाली, मी सांगते, तुमी लिवा. तिने सांगितलं आणि मी लिहिलं, "फांदीवर उमललेलं बोंड, चार कप्पे, प्रत्येकात पांढरा कापूस, खाली वाळलेली साल." मुलीला वाचून दाखवलं. ती उठली, पुढच्या खोलीतल्या ढिगातून चाचपून एक अख्खं बोंड काढलं आणि बोटाने फिरवून पाहिलं. मग अंगठा चोखत म्हणाली, "काका, सालीचं टोक टोचते ना. ते तं तुमी लिवलंच नाई."

शेवटी वाक्य असं झालं: "फांदीवर उमललेलं बोंड, चार कप्पे, प्रत्येकात पांढरा कापूस, खाली वाळलेली साल, तिची टोकं काट्यासारखी टोचणारी." त्या नोट्स आजही आमच्या वाचनालयाच्या संगणकात आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी दुपारी तीननंतर यावं, पेनड्राइव्ह घेऊन.

नमस्कार.