पाच टॉर्पेडो आणि एक सांगलीकर

नमस्कार मंडळी. आज पाणबुडीच्या कॉम्प्युटर गेमवर बोलणार आहे, आणि हसू नका, सांगलीत समुद्र नाही हे मलापण माहितीय. पण पावसाळ्यात उठल्या उठल्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं ते बघणाऱ्या माणसाला खोलीचा काटा वेगळा शिकवावा लागत नाही. आपल्याकडं 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका, माझ्या गेममधे मात्र साधारण त्याच 40 फुटावर पाणबुडी ठेवून पेरिस्कोप, म्हणजे पाण्यावरचं बघायची दुर्बीण, वर काढायचा.

गेम म्हणजे सायलेंट हंटर थ्री, 2005 चा, माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चालतो म्हणून घेतलेला. 1939 साली जर्मनीच्या किएल बंदरातून सुरुवात केली की हातात येते टाईप टू ए नावाची छोटी जर्मन पाणबुडी. जेमतेम 41 मीटर लांब, आत 25 एक माणसं, टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालनं पळणारे बॉम्ब, सोडायला पुढं तीन नळ्या, मागं एकपण नाही, आणि टॉर्पेडो सगळे मिळून पाच. मोठी तोफ नाहीच. बरेच जण वैतागून थेट मोठी टाईप सेव्हन घेतात, मला विचाराल तर तिथंच मजा घालवतात.

कारण बघा, पाण्याखाली ही पळून पळून पळणार 7 नॉट, म्हणजे तासाला 7 सागरी मैल, तेवढं पळवलं तर बॅटरी बघता बघता बसते, 4 नॉटनं सावकाश गेलात तर 35 सागरी मैल निघतात. 9 नॉटनं चाललेलं साधं मालवाहू जहाजसुद्धा हातातनं जातं. मिरजेची बस सुटल्यावर मागं धावून काय मिळतं का? तसंच हे, रात्री पाण्याच्या वरून वळसा घालून पुढच्या स्टॉपवर आधीच जाऊन गप उभं राहायचं.

परवा असाच दोन तास उभा होतो, शेजारी भडंगाची वाटी, जेवायला हाका चाललेल्या. जहाज आलं, अंतर 800 मीटर, इलेक्ट्रिक टॉर्पेडो 30 नॉटचा, म्हणजे 52 सेकंद. स्टॉपवॉच लावलं. 50, 52, 55... मग नुसतं टण्ण! लागला, पण फुटलाच नाही ओ. आणि हे गेमवाल्यांनी मनानं घातलेलं नाही बरं का, एप्रिल 1940 ला नॉर्वेजवळ जर्मन पाणबुड्यांचे टॉर्पेडो खरोखर असेच वाया गेले, कुठं चुंबकी पिस्तूल, म्हणजे जहाजाच्या लोखंडाची चाहूल लागली की टॉर्पेडो फोडणारा खटका, दगा द्यायचं, कुठं टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा खोल जाऊन जहाजाच्या खालनंच निघून जायचा. सेटिंगमधे फुसक्या टॉर्पेडोंचा पर्याय बंद करता येतो, मी करत नाही, फक्त चुंबकी सोडून धडकेवर फुटणारं ठेवतो आणि शक्यतो काटकोनात मारतो, तिरका लागला की घसरतो.

दुसरा फुटला. तोवर जेवण गार. आता मोठी बोट घेण्याइतके पॉइंट जमलेत, पण अजून तीन टॉर्पेडो शिल्लक आहेत, ते आधी संपवतो.