टाकी मांडावी तळापासून

श्रोतेहो, नमस्कार. घरात पहिल्यांदाच माशांची टाकी आणायचं ज्यांनी मनावर घेतलंय, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं. कागद-पेन्सिल हाताशी असू द्या, मापं बरीच येणार आहेत.

गोड्या पाण्यातले निरनिराळ्या जातींचे शांत मासे एकत्र ठेवायचे, तर तळाशी वावरणारा मासा म्हणून बहुतेक जण कोरिडोरास निवडतात. हौशी मंडळी लाडानं कोरी म्हणतात. दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांतला हा छोटा कॅटफिश. तोंडाभोवती मिशा, आणि अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांच्या दोन ओळी. म्हणूनच १८०३ साली लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिरस्त्राण आणि कातडी अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याला हे नाव दिलं. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी कोरिडोरास या अनेक जाती असलेल्या मोठ्या प्रजातीची फोड करून वेगवेगळ्या प्रजाती केल्या. त्यामुळे ब्राँझ या जातीच्या कोरीच्या शास्त्रीय नावात आता ओस्टिओगास्टर, तर पांडा, पेपर्ड आणि स्टर्बाय या जातींच्या नावात होप्लिसोमा असं लिहिलेलं दिसेल. मासे तेच आहेत, गोंधळू नका.

एक गैरसमज आधी काढून टाकतो, कारण त्यापायी असंख्य कोरी उपाशी मरतात. कोरी म्हणजे टाकीतला सफाई कामगार नव्हे. तो विष्ठा खात नाही, काचेवरचं शेवाळ खात नाही, आणि वरच्या माशांचं उरलंसुरलं खाऊन त्याचं भागत नाही. वरून पडणारी घाण जिथे साठते तिथेच तो दिवसभर तोंड खुपसून अन्न शोधतो. टाकीत काही बिघडलं तर त्याची झळ बहुधा त्यालाच आधी लागते. त्यामुळे कोरी ठेवायचे असतील तर टाकीचा विचार तळापासून सुरू करायचा.

टाकी उंच घेण्यापेक्षा लांब घ्या. तळात राहणाऱ्या माशाला उंचीचा उपयोग नाही, जमीन हवी. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद ही कमीत कमी, पण जागा असेल तर ७५ लांब, ३५ रुंद आणि ४० उंच अशी घ्या. नवख्यानं अगदी छोटी टाकी घेऊ नये, कारण पाणी जितकं थोडं तितकं ते लवकर बिघडतं. पुढची सगळी मापं या ७५ च्या टाकीची सांगतो. बाहेरून हिशेब केला तर ती १०५ लिटरची भरते. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी सुमारे ८५ लिटर राहतं. भरलेल्या टाकीचं वजन १२० किलोच्या आसपास जातं, म्हणून स्टँड मजबूत हवा. लेव्हल ठेवून चारही बाजू पाहा. एक कोपरा खचलेला असेल तर काचेच्या जोडांवर सारखा ताण येतो, आणि पुढे टाकी गळू शकते. खिडकीचं थेट ऊन टाळा. त्यानं शेवाळ माजतं आणि पाणी नको तितकं तापतं.

आता वाळू. इथे घाई नको. कोरी तोंडभर वाळू उचलतो, त्यातलं खाण्याजोगं ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. मोठ्या खड्यांत त्याला हे करताच येत नाही. धारदार कणांनी मिशा झिजतात, आणि खड्यांच्या फटींत अन्न सडत राहिलं तर जंतुसंसर्गानं त्या मुळापासून जातात. मिशा तोकड्या झालेला मासा दिसला तर तळाची जमीन आणि तळाची स्वच्छता, दोन्ही तपासा. नुसती वाळू बदलून काम होत नाही. कण अर्धा ते एक मिलिमीटरचे, गोलसर हवेत. चिमूटभर वाळू दोन बोटांत चोळून पाहा, टोचली तर परत करा. जाडी ३ ते ४ सेंटिमीटर पुरे. या टाकीला अंदाजे १६ किलो वाळू लागेल. त्याहून जाड थर दिला तर खाली प्राणवायू पोचत नाही आणि दुर्गंधीचे बुडबुडे धरतात. बादलीत थोडी थोडी वाळू घेऊन पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, दहा-बारा पाण्यांनी कंटाळू नका. दगड घालणार असाल तर त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर तो चुनखडीचा दगड आहे, पाणी जड करत राहील, तेव्हा तो बाहेरच ठेवा. जड दगड वाळूवर न ठेवता थेट तळावर बसवून भोवती वाळू भरा, म्हणजे माशांनी उकरल्यावर तो कलंडणार नाही. लाकूड आधी काही दिवस भिजत घालावं. पाण्याला चहासारखा रंग येतो, त्यानं अपाय होत नाही.

फिल्टर ताशी ४०० लिटरच्या आसपास पाणी फिरवणारा घ्या, म्हणजे टाकीतलं पाणी तासाला पाचेक वेळा त्यातून जातं. हवेवर चालणारा स्पंज फिल्टर नवख्यासाठी उत्तम, मात्र या टाकीला मोठ्या आकाराचा किंवा दोन लागतील. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत एकमार्गी झडप बसवा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. हीटर १०० वॉटचा. थर्मामीटर वेगळा घ्या, हीटरच्या चकतीवरच्या आकड्यावर विसंबू नका. विजेच्या प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळातून खाली ठिबकेल. झाकण हवंच, पण पाणी काठोकाठ भरू नका, वर ३-४ सेंटिमीटर हवा राहू द्या. कोरी अधूनमधून झपकन वर येऊन हवेचा घोट घेतो. त्याच्या आतड्यालाही हवेतला प्राणवायू शोषता येतो, त्यामुळे हे त्याचं नेहमीचं वागणं आहे. सगळेच मासे मिनिटा-मिनिटाला वर येऊ लागले, तर मात्र पाण्यात काहीतरी बिनसलंय.

वनस्पतींत जावा फर्न आणि अनुबिया बिनतक्रार वाढतात. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरू नका, कुजतं. दोऱ्यानं लाकडाला बांधा. दिवा सहा ते आठ तास, टायमरवर.

पाणी भरताना वाळूवर एक बशी ठेवून तिच्यावर धार धरा, वाळू उसळणार नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन साधं पाणी दिवसभर उघडं ठेवल्यानं बराचसा उडतो, पण क्लोरॅमिन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेलं संयुग, तसं उडत नाही. त्यामुळे क्लोरीन काढणारं द्रावण बाटलीवरच्या मापानं घालणं बरं. हे एकदा केलं की संपलं असं नाही, प्रत्येक नव्या बादलीला ते लागतं.

आणि आता थांबायचं. टाकी भरली की दुसऱ्याच दिवशी मासे आणायचा मोह होतो, आणि पहिल्या महिन्यातले बहुतेक मृत्यू त्यानंच ओढवतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि सडणाऱ्या अन्नातून अमोनिया निघतो, तो कल्ले जाळतो. फिल्टरमध्ये एक प्रकारचे जिवाणू वाढले की ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच, कारण त्यानं रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य असतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू नव्या टाकीत जवळपास नसतातच. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. याला टाकी सायकल होणं म्हणतात, मला मुरणं हा शब्द जास्त पटतो.

मासे न घालता टाकी अशी मुरवा. १० ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड एक लिटर पाण्यात विरघळवून बाटलीवर ठळक चिठ्ठी लावून ठेवा, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. त्यातलं ५० मिलिलिटर टाकीत घाला. ८५ लिटरला अमोनिया जवळपास २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम, होतो. फिल्टर अखंड चालू, पाणी २५ ते २७ अंश. दर दोन-तीन दिवसांनी थेंबांच्या टेस्ट किटनं मोजा. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा तेवढाच डोस द्या. मध्यंतरी नायट्राइट चढतं आणि बरेच दिवस खाली यायचं नाव घेत नाही. तिथेच लोकांचा धीर सुटतो, पण तेव्हा काही करू नका. ५० मिलिलिटर घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी मुरली. मग निम्म्याहून जास्त पाणी बदलून साठलेलं नायट्रेट कमी करा. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिथल्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, आठवडे वाचतात. या काळात पाणी दुधाळ झालं तर घाबरून टाकी रिकामी करू नका. तो जिवाणूंचा भर असतो, आपोआप ओसरतो.

कोणते मासे? कोरी किमान सहा, आणि सगळे एकाच जातीचे. या टाकीत आठ छान राहतात. एकटा-दुकटा कोरी कोपऱ्यात दबून बसतो. तुमच्या खोलीत पाणी हीटरशिवायही २७-२८ अंश राहत असेल तर स्टर्बाय घ्या, त्याला ऊब मानवते. २४-२५ अंशांत ब्राँझ आणि पांडा. पेपर्ड त्याहूनही गारव्यातला. तोच तो, ज्याचे नमुने डार्विननं बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केले आणि ज्याचं वर्णन १८४२ मध्ये प्रसिद्ध झालं. मधल्या पाण्यात दहा-बारा हार्लेक्विन रासबोरा किंवा एम्बर टेट्रा, आणि फार तर हनी गुरामीची एक जोडी. एवढ्यावर थांबा.

टायगर बार्ब शेपट्या कुरतडतात. गोल्डफिश घाण खूप करतो आणि त्याला थंड पाणी लागतं. बोटभर लांबीचे विकले जाणारे दुसरे कॅटफिश तर अजिबात नको. साधा प्लेको फूटभर होतो, आणि शार्क म्हणून विकला जाणारा पंगास किंवा लाल शेपटीचा कॅटफिश मीटरभर वाढू शकतो. तो टाकीत मावत नाही म्हणून कुणी नदीत सोडतं. असं कधीही करू नये, परक्या माशानं तिथल्या माशांचा घास जातो.

कोरी विकत घेताना मिशा, पोट आणि डोळे पाहा. मिशा अखंड, पोट आत न गेलेलं, डोळे स्वच्छ. जाळी शक्यतो वापरू नका. त्याच्या परांतले काटे ताठ होऊन अडकतात, सोडवताना माशाला इजा होते आणि आपल्या बोटालाही टोचतात. प्लॅस्टिकच्या भांड्यानं उचलावं. घरी आणल्यावर पिशवी २० मिनिटं टाकीवर तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी अर्धा कप टाकीचं पाणी पिशवीत घाला. पाणी दुप्पट झालं की मासा टाकीत, पिशवीतलं पाणी बाहेर. जमलं तर नवे मासे आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवावेत. पहिले वरचे मासे आणा, पंधरा दिवस अमोनिया तपासत राहा, आणि नंतर कोरी.

खाणं दिव्याची वेळ संपल्यावर द्या. वरचे मासे शांत झालेले असतात, बुडणारी गोळी तळाला पोचते. आठ कोरींना छोट्या दोन गोळ्या, दोन-तीन कोपऱ्यांत तोडून टाका. दोन तासांनी उरलेलं काढून घ्या. आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लालसर अळ्या) किंवा ब्राइन श्रिंप (कोळंबीसारखे बारीक जीव).

दर आठवड्याला २० लिटर पाणी बदला. आधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं जाऊ द्या, तापलेला हीटर उघडा पडला तर तडकतो. सायफनचं, म्हणजे पाणी ओढून काढायच्या नळीचं, तोंड वाळूच्या दोन सेंटिमीटर वर गोल फिरवा, घाण उचलली जाते आणि वाळू खालीच राहते. स्पंज महिन्यातून एकदा याच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीननं जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा कच्ची होते. नवं पाणी जुन्याहून एखाद-दुसऱ्या अंशापेक्षा वेगळं नको. नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास असलं की ठीक, ४० वर गेलं तर खाणं कमी करा आणि पाणी जास्त बदला. कुणी औषध म्हणून मीठ किंवा तांबं असलेलं द्रावण सुचवलं, तर कोरीच्या टाकीत डोळे झाकून घालू नका. दोन्ही त्याला सोसवत नाहीत.

पाणी बदलल्यानंतर एखाद्या सकाळी काचेवर साबुदाण्यासारखे चिकट ठिपके दिसले, तर ती कोरीची अंडी समजा. टाकीतले सगळेच, आईबापांसकट, ती खातात. पिल्लं हवी असतील तर बोटानं हलकेच सरकवून टाकीचंच पाणी भरलेल्या वेगळ्या भांड्यात घ्या आणि तिथे हवेचा बारीक प्रवाह सोडा. चार-पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात.