मॅक्लॉफलिनची पहिली तबकडी

श्रोतेहो, नमस्कार.

भारतीय संगीत आणि जाझ यांचा मेळ घालणाऱ्या 'शक्ती' या बँडचं नाव निघालं की आपल्याला आधी आठवतात ते माहीमचे झाकीरभाई, आणि मग त्यांच्याबरोबर गिटार घेऊन बसलेला इंग्रज, जॉन मॅक्लॉफलिन. आज आपण 'शक्ती'च्या बऱ्याच आधीच्या काळात जाणार आहोत. मॅक्लॉफलिनचा पहिला स्टुडिओ अल्बम 'एक्स्ट्रापोलेशन' आला १९६९ साली, आणि जाझ-फ्यूजनच्या, म्हणजे जाझ आणि रॉकच्या मिश्रणाच्या, गप्पांमध्ये तो उगाचच मागे राहतो.

मॅक्लॉफलिन मूळचा यॉर्कशरमधल्या डॉनकॅस्टरचा, जन्म १९४२ चा. आई व्हायोलिन वाजवायची. साठच्या दशकात लंडनमध्ये त्यानं पडेल ते काम केलं. ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर त्याचे साथीदार होते. हे दोघे पुढे 'क्रीम' या रॉक बँडमुळे जगभर गाजले. याच्या वाट्याला मात्र दुसऱ्यांच्या पॉप गाण्यांमागे स्टुडिओत गिटार वाजवणं आलं. पैसे मिळत, समाधान नव्हतं.

मग १८ जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत चौघे जमले. जॉन सरमन बॅरिटोन आणि सोप्रानो सॅक्सोफोनवर, ब्रायन ऑजर्स बासवर, टोनी ऑक्सली ड्रम्सवर आणि गिटारवर मॅक्लॉफलिन. धुना सगळ्या त्याच्याच. निर्माता जॉर्जिओ गोमेल्स्की, सुरुवातीच्या काळात रोलिंग स्टोन्सना हात देणारा माणूस.

या चौघांत पियानो नाही, ही खरी गंमत. स्वरांचा भरणा करायला मागे कोणी नाही. सरमनचा जाड, घोगरा बॅरिटोन पुढे सरकतो तेव्हा कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले स्वर, द्यायची ती गिटारनंच, आणि कुठे गप्प बसायचं तेही गिटारवाल्यानंच ठरवायचं. मॅक्लॉफलिन इथे पुष्कळदा गप्प बसतो. दोन-तीन स्वरांची कॉर्ड टाकतो, काढून घेतो. पुढे त्यानं काढलेल्या 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' या बँडमधला त्याचा झंझावात ज्यांनी आधी ऐकलाय, त्यांना हा माणूस वेगळाच वाटेल. मला विचाराल तर त्या वेगापेक्षा ही शांतपणे केलेली साथ जास्त अवघड आहे.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. 'टू फॉर टू'मध्ये तो तारांवर अक्षरशः तुटून पडतो, ऑक्सलीचे ड्रम्स ताल सोडून धावतात, आणि पहिल्यांदा ऐकताना हे दोघे भांडतायत की काय असं वाटतं. शेवटी 'पीस पीस', एकट्या गिटारवर जेमतेम दोन मिनिटं.

अल्बम तयार झाला आणि त्याचा कर्ता अमेरिकेला निघून गेला! ड्रमर टोनी विल्यम्सनं त्याला 'लाइफटाइम' या आपल्या नव्या बँडसाठी बोलावलं होतं, आणि तेही या अल्बममुळे नव्हे. लंडनमध्ये कुणीतरी सहज करून ठेवलेलं त्याच्या वादनाचं टेप विल्यम्सच्या कानावर गेलं होतं. १८ फेब्रुवारीला, म्हणजे बरोबर एका महिन्यानं, मॅक्लॉफलिन न्यूयॉर्कमध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' या अल्बमसाठी वाजवत होता.

फ्यूजन म्हणजे काय ते ऐकूनच समजून घ्यायचं असेल, तर एक सोपा उपाय सांगतो. 'एक्स्ट्रापोलेशन'मधली 'स्पेक्ट्रम' ही धून ऐका, आणि लगेच तीच धून त्याच वर्षीच्या 'लाइफटाइम'च्या 'इमर्जन्सी!' या अल्बममध्ये ऐका. धून तीच, गिटारवाला तोच. लंडनमध्ये ती चपळ जाझ आहे. अमेरिकेत लॅरी यंगचा ऑर्गन, विल्यम्सचा मारा आणि फाटक्या आवाजाची गिटार यांनी तिचं रूपच पालटून टाकलंय. जाझ आणि रॉकची सरमिसळ काही महिन्यांत कुठवर गेली, ते या दोन ध्वनिमुद्रणांत कानांना थेट कळतं.

आता आपण 'आर्जेन्स बॅग' ऐकणार आहोत. ही धून त्यानं १९७१ च्या 'माय गोल्स बियाँड'मध्ये 'फॉलो युअर हार्ट' या नावानं पुन्हा वाजवली. हिचं आवर्तन अकरा मात्रांचं. आपल्याकडे रुद्र ताल माहीत असलेल्यांना अकराचं नवल नाही, पण सात-आठच्या पुढे मोजताना आपली बोटं गडबडतात की नाही, बघा बरं. पहिली दोन आवर्तनं नुसती ऐका. सम सापडली की मग मोजायला लागा.