टँकरची ओळ आणि आपला अंगठा

श्रोतेहो, नमस्कार.

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. पहाटेपासून गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ'. मग कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक. मग पार्किंगवरून जुंपलेली. आणि या सगळ्या ढिगात सेक्रेटरींची एक ओळ: टँकर दुपारी येईल, तोवर पाणी जपून वापरा. त्या ओळीपायी ग्रुप सोडता येत नाही. ती शोधायला गेलेला माणूस अर्ध्या तासाने कुठल्याशा रीलवर सापडतो, मिसळीला कट कसा आणायचा ते बघत. मिसळ त्याला करायचीच नसते.

म्हणून 'सोशल मीडिया सोडून द्या' हा सल्ला मला पोकळ वाटतो. शाळेची सूचना तिथे येते, गाड्या रखडल्याचं तिथे कळतं, घरगुती डबे देणाऱ्या कितीतरी बायकांची गिऱ्हाइकं स्टेटसवरून येतात. फोन उघडायला हरकत कुणाचीच नाही. तो बंद कधी करायचा हे कोण ठरवतं, एवढंच बघायचं.

वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. रेडिओवर बातम्या संपल्या की निवेदक तसं सांगतो आणि माणूस उठून कामाला लागतो. फोनमधला हा शेवट मुद्दाम काढून टाकलेला आहे. पूर्वी वेबसाइटवर तळाशी पोचलं की 'पुढचं पान' दाबावं लागे, आणि तेवढ्यात आपण भानावर येत असू. 2006 मध्ये अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि ती उसंतच गेली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तोवर उशीर झाला होता म्हणा. त्यात 2020 च्या जूनअखेर आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. सवय तशीच राहिली, दुकान बदललं.

संध्याकाळच्या ठाणे-वाशी गाडीत समोरच्या बाकाकडे बघा. ऐरोली गेलं, रबाळे गेलं, घणसोली आलं. चेहऱ्यावर हसू नाही, वैतागही नाही. अंगठा तेवढा चालू. एक रील अर्धा सोडला, दुसरा दोन सेकंद, तिसरा मात्र खरंच छान निघाला. हा तिसराच घात करतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा दर वेळी न मिळता अधूनमधून, बेभरवशाने मिळत राहिला, तर कबुतर चोच मारायचं थांबता थांबत नाही. तेव्हा 'मला मेलीला संयमच नाही' असं स्वतःला बोल लावण्यात अर्थ नाही. सेटिंगमध्ये हात घाला.

सोसायटीपासूनच सुरुवात करू. व्हॉट्सॲपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ग्रुप करता येतो. सेक्रेटरींना सांगून पाणी, लिफ्ट, वीज यांच्या सूचनांसाठी तो वेगळा काढून घ्या. फुलं आणि भांडणं जुन्या ग्रुपवर सुखाने नांदू देत, तो कायमचा म्यूट करा. कुणाला राग येत नाही, कारण ग्रुप म्यूट केल्याचं कुणाला कळतच नाही.

निळ्या टिकांचं तसं नाही. 2014 मध्ये त्या आल्या आणि घराघरांत नवा रुसवा आला. 'वाचलंस आणि उत्तर नाही?' आत्याबाईंचा हा प्रश्न टाळायचा असेल तर टिका बंद करता येतात. फक्त मग इतरांनी आपलं वाचलं का, हेही आपल्याला दिसत नाही. ग्रुपमध्ये तर त्या बंद होतच नाहीत. त्यापेक्षा आत्याबाईंना एकदा फोन लावून सांगावं की मी रात्री जेवण झाल्यावर निरोप बघते. तातडीचं असेल तर त्या फोन करतीलच, त्यांना कुणी अडवलंय?

राहता राहिली रात्र. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा म्हटलं की प्रत्येक घरात एकच उत्तर येतं: गजर त्यात आहे. ठाणे स्टेशनबाहेरच्या बाजारात गजराचं साधं घड्याळ मिळतं. घेताना वाजवून बघा, आणि सेल आठवणीने मागा.