बोलावणं येण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला "कसं काय?" विचारलं की एक उत्तर ठरलेलं असतं. "आता काय, बोलावणं आलं की जायचं." पारावर ऐका, दवाखान्याच्या बाकावर ऐका, चर्च सुटल्यावर अंगणात ऐका. साठी ओलांडली न ओलांडली तोच हे वाक्य माझ्याही तोंडी बसलं होतं. आज त्या एका शब्दाविषयीच बोलायचं आहे.

मी भुसावळचा. मालगाडीचा गार्ड म्हणून 34 वर्षं नोकरी केली. आमच्या नोकरीत बोलावणं म्हणजे कॉल. मोबाइल नव्हते तेव्हा कॉलबॉय सायकलवर घरी यायचा. रात्री दोनला कडी वाजायची, दिव्याखाली वही पुढे यायची, सही करायची आणि निघायचं. बायको उठून स्टोव्ह पेटवायची, डबा भरायची. मुलं लहान होती, कडीच्या आवाजानं दचकून उठायची. त्या कडीचा मला फार राग यायचा. निवृत्त झालो आणि पहिल्याच पावसाळ्यात रात्री दोनला आपोआप जाग येऊ लागली. कडी वाजल्यासारखं वाटायचं. दार उघडावं तर अंगणात निंबाचं झाड आणि अंधार. पगार थांबला याचं दुःख नव्हतं. नाव घेऊन कोणी हाक मारत नाही, हे सोसवत नव्हतं. पुढे दोन वर्षांत बायकोही गेली, आणि घरात माझं नाव घेणारंच कोणी उरलं नाही.

आमचं घराणं मूळचं नवापूरकडचं, आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. रविवारची उपासना मी कधी चुकवली नाही. पण त्या दिवसांत बाकावर बसायचो ते वेळ जावा म्हणून, हे कबूल करायला हवं. एका रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी 'पाचारण' हा शब्द घेतला. मंडळीत हा शब्द बहुधा तरुणांसाठी राखून ठेवलेला असतो. कोणी सेवेच्या शिक्षणाला निघालं की म्हणायचं, याला देवाचं पाचारण झालं. त्या दिवशी त्यांनी वाचली ती लूकच्या शुभवर्तमानातली हन्नाची हकिकत. लग्नानंतर सातच वर्षं नवऱ्यासोबत काढली, मग वैधव्य. वय 84. मंदिर सोडून ती कुठे जात नसे. उपास आणि प्रार्थना, रात्रंदिवस. बाळ येशूला घेऊन मरीया आणि योसेफ मंदिरात आले, त्याच घटकेला ही म्हातारी तिथे आली, देवाचे आभार मानू लागली आणि भेटेल त्याला त्या बाळाविषयी सांगू लागली.

ही गोष्ट मी लहानपणापासून दर नाताळात ऐकत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, मंदिरात त्या दिवशी तरणीताठी माणसं कमी का असतील? याजक होते, व्यापारी होते, सगळे कामात. बाळ ओळखलं ते शिमोन नावाच्या एका भक्तानं आणि या 84 वर्षांच्या बाईनं. तिच्या वयाची माणसं घरात शेवटच्या बोलावण्याची वाट बघत बसलेली असतील. तिला त्याआधीच बोलावणं आलं आणि ते आलं तेव्हा ती जागेवर हजर होती.

मग मी रोज सकाळी प्रार्थनेत एवढंच म्हणू लागलो, "प्रभू, आज कुठे?" काही महिने काहीच घडलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण साक्ष देताना माणसं मधले कोरडे महिने गाळून टाकतात.

मग नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबर म्हणजे काय ते सांगायला नको. हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करायचं. 2014 पासून हे काम अंगठ्याच्या ठशावर घरबसल्याही होतं. पण ज्यांनी जन्मभर फावडं, कोळसा, नाहीतर कापसाची बोंडं हाताळली त्यांच्या बोटांवर रेषा उरतात कुठे? बँकेच्या रांगेत एक आजी होत्या, गँगमनची विधवा, फॅमिली पेन्शनवर जगणारी. यंत्र चार वेळा नाही म्हणालं. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, मी जित्ती हाये हे बँकेले बी सांगा लागते का?"

रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. नातवाला विचारलं. त्यानं दाखवलं की आता चेहऱ्यावरूनही दाखला निघतो. फोनसमोर बसायचं, डोळ्यांची उघडझाप करायची, झालं. मला शिकायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी आजींच्या दारात उभा राहिलो आणि कडी वाजवली. श्रोतेहो, कडी वाजवल्यावर मला कॉलबॉय आठवला.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात मी घरोघर फिरतो. ऐंशीच्या पुढच्यांचं काम ऑक्टोबरातच सुरू होतं. आधार कार्ड, पीपीओ (म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, बँकेचं पासबुक काढून ठेवा म्हणून आदल्या दिवशी सांगून येतो. दाखला निघतो पाच मिनिटांत, बसणं होतं तासभर. खरं काम त्या तासाचं. कोणी मुलाविषयी बोलतं, कोणी रडतं. बहुतेक घरांत विठोबा असतो, काही घरांत काबेचं चित्र. मी कोणाला उपदेश करत नाही. कोणी विचारलंच की तुम्ही हे कशासाठी करता, तर सांगतो, माझ्या प्रभूनं पाठवलं.

बायबलात कालेब 85 वर्षांचा असताना इस्राएलांचा पुढारी यहोशवा याच्याकडे सपाट जमीन मागत नाही, डोंगर मागतो. वाचताना मला सातपुडा दिसतो. आणि आपल्या मराठी ख्रिस्ती घरातल्या लक्ष्मीबाई टिळक! मुळाक्षरं शिकल्या त्या लग्नानंतर. 1934 साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला तेव्हा पासष्टी उलटून गेली होती. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी अपुरं ठेवलेलं येशूच्या जीवनावरचं काव्य 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुरं केलं. आपल्या धरणगावचे बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी राहिले, 1918 मध्ये भादली स्टेशनात गाडीखाली गेले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्याविषयी आईच्या मायेनं लिहिलं आहे. माझी गाडी भादलीवरून शेकडो वेळा गेली असेल. ते वाचल्यापासून त्या स्टेशनाकडे नुसतं स्टेशन म्हणून पाहता आलं नाही.

पण लिहिणारे, फिरणारे यांचं ठीक. जे उठूच शकत नाहीत त्यांचं काय? हा प्रश्न मला एका जुन्या ड्रायव्हर मित्रानं विचारला. लकव्यानं एक बाजू गेलेली, सून भरवते. म्हणाला, "माझा कोणाला काय उपयोग?" मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन योहानाच्या शुभवर्तमानाचा 21 वा अध्याय काढला. येशू आपला शिष्य पेत्र याला सांगतो, तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवं तिथे जात होतास. म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील. आणि त्याच्या लगेच पुढे काय म्हणतो? "माझ्यामागे ये." म्हणजे दुसऱ्याच्या हातानं कंबर बांधून घेतलेल्या माणसालाही. हे मी मित्राला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग अडखळत म्हणाला, "तू ज्यांच्याकडे जातोस त्यांची नावं मला देत जा."

आता ती नावं एका वहीत त्याच्या उशाशी असतात. सून रोज पाच नावं वाचते, तो डोळे मिटून प्रार्थना करतो. सुनेला तो पूर्वी चिडून हाक मारायचा. आता वही वाचायला बोलावतो.

मागच्या वर्षी एका आजींचा दाखला अडला होता, मोतीबिंदूमुळे कॅमेरा डोळा ओळखेना. पावसाळ्यात त्यांचं ऑपरेशन झालं. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत त्यांच्याकडे जायचं आहे. फोन चार्जिंगला लावून ठेवलाय, आणि त्यांचं नाव आज वहीत वाचलं गेलंय.

नमस्कार.